भरदुपारचं फुलपाखरू रात्रीचं दिसू नये म्हणून : मॅक्रो आणि फ्लॅशच्या नोंदी

अंबाजोगाईपासून थोड्या अंतरावर मामांचं शेत आहे. सोयाबीनमध्ये तूर, एका कोपऱ्यात मूग-उडीद, बांधावर घाणेरी, बोरी, रुई, तरवड आणि विहिरीजवळ लिंबाची झाडं. या बांधांवरची फुलपाखरं ओळख पटेल अशी टिपायची, एवढंच काम ठरवलंय. म्हणजे डोळा धारदार हवा, पंखांची खालची बाजू पूर्ण दिसायला हवी आणि रंग खरा हवा. लांबून झूम करून काढलेले जुने फोटो निळ्या जातींसाठी कुचकामी आहेत. पी ब्लू, ग्राम ब्लू, ग्रास ब्लू, सगळे त्यात एकसारखेच करडे ठिपके.

६ ऑगस्ट

कॅमेरा घरचाच, कॅनन ८०डी. त्याला १०० एमएम एफ/२.८ मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची लेन्स, वापरलेली, १८,००० रुपये. फ्लॅश ६,२०० रुपये. चार्ज होणारे आठ एए सेल आणि चार्जर मिळून २,४००.

लेन्स कुरियरने मागवली नाही, संभाजीनगरला जाऊन हातात घेऊन पाहिली. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारला की आतल्या काचेवर बुरशीचे धागे असतील तर लगेच दिसतात. पहिली दाखवली ती अशीच निघाली, कोळ्याचं जाळं आतून. दुसरी स्वच्छ होती, दोन हजारांनी महाग. ते दोन हजार द्यावेतच, कारण आतली बुरशी साफ करून घ्यायला त्याहून जास्त जातात आणि काचेवरचा थर खराब झाला असेल तर साफ करूनही उपयोग नसतो.

१:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटणं, ते एकदा पट्टीवर बघून घेतलं. या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेबावीस बाय पंधरा मिलिमीटरचा. १:१ वर नेमकी तेवढीच जागा फ्रेममध्ये मावते. लाइम बटरफ्लाय पंख पसरून ८० ते १०० मिलिमीटर भरतं, त्याला १:५ च्या आसपास पुरे. खरी १:१ लागते ती नखाएवढ्या निळ्यांना.

१० ऑगस्ट

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून मुगाच्या पट्ट्यात गेलो. १:१ वर लेन्सच्या तोंडापासून फुलपाखरापर्यंत जेमतेम १५ सेंटिमीटर उरतात. डोक्यावरच्या फ्लॅशचा उजेड तिथवर पोचेपर्यंत मध्ये लेन्सच येते, म्हणून फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात लेन्सची सावली. वरच्या अर्ध्यात पंखावर तुपाचा थेंब सांडल्यासारखा पांढरा चट्टा. आणि मागे काळंकुट्ट. दुपारचे बारा, स्वच्छ ऊन, आणि फोटोत मध्यरात्र.

काळं बॅकग्राउंड कित्येकांना आवडतं. मला नाही आवडत. दिवसा उडणारा जीव दिवसाचाच दिसायला हवा.

१४ ऑगस्ट

आधी सावलीचा बंदोबस्त. तयार ब्रॅकेट चार हजारांच्या पुढे होते. खिडक्या बनवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची तीन मिमी जाड पट्टी आणली, दोन ठिकाणी वाकवून घेतली. एक टोक कॅमेऱ्याच्या बुडाला, दुसरं टोक लेन्सच्या तोंडावर येईल असं, त्यावर फ्लॅश. मजुरीसह २२० रुपये. फ्लॅशला कॅमेऱ्याशी जोडणारी टीटीएल (फ्लॅशचा जोर कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय) केबल ९५०.

ट्रायपॉडच्या भोकात पाव इंची बोल्ट जातो, इंचाला वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो, पण लांबी बघा. पट्टीची जाडी सोडून आत पाच मिलिमीटरच्या आसपास जायला हवा, त्याहून लांब बोल्ट पिळला तर कॅमेऱ्याचं बूड फुटतं. मी तीन वायसर घालून लांबी मारली.

पट्टी पहिल्याच दिवशी फ्लॅशच्या वजनाने झुलायला लागली. वाकवलेल्या कोपऱ्यात छोटा तिरका तुकडा रिबिट मारून घेतला. आता हलत नाही.

१७ ते २४ ऑगस्ट

आठवडाभर डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला, आणि पुढच्यानेही इथंच घालवावा.

फ्लॅशच्या तोंडावर बटर पेपर चिकटवून काही होत नाही. उजेड कमी होतो, चट्टा तसाच राहतो. उजेड मऊ व्हायचा तर तो मोठ्या पृष्ठभागावरून आला पाहिजे, आणि बटर पेपर लावला तरी फ्लॅशचं तोंड तेवढंच राहतं.

वेफर्सचा लांबट डबा फ्लॅशवर चढवून, पुढं किचन टिश्यू. उजेड लेन्सच्या पुढं व्यवस्थित पोचला, पण तोंड पुन्हा मुठीएवढंच. ग्रास यलोवर चट्टा थोडा पसरट झाला, गेला नाही.

पाच लिटरच्या तेलाच्या पांढऱ्या कॅनची एक बाजू कापून लावली. आकार झकास, उजेडही मऊ, पण तो कॅन पांढरा फक्त म्हणायला. फोटोत सगळं पिवळसर. पांढऱ्या कागदाचा फोटो काढून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा आकडा) बसवला तर फुलपाखरू बरोबर झालं, आणि मागचं आभाळ व गवत निळं पडलं. दिवसाचा उजेड एका रंगाचा आणि फ्लॅशचा दुसऱ्या रंगाचा असेल तर एका आकड्याने दोन्ही सुधारत नाहीत. कॅन परत गोठ्यात.

शेवटी टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पातळ फोम. चौदा गेजच्या तारेची कमान करून त्यावर फोमचे दोन थर, दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा. ही मधली जागा महत्त्वाची. थर चिकटून असले की मधोमध उजेडाचा गोळा राहतो, जागा ठेवली की तो पसरतो. लेन्ससाठी खालून अर्धगोल कापला. फ्लॅशचं झूम २४ वर आणि त्याची बाहेर ओढायची रुंद काचही बाहेर, म्हणजे उजेड फोमभर जातो.

पहिली कमान २५ बाय २० सेंटिमीटरची केली होती. घरात झेंडूवर अप्रतिम. शेतात वारा लागला की शिडासारखी फुगते, बोरीच्या काट्यात अडकते, आणि एवढी पांढरी वस्तू जवळ आली की फुलपाखरू बसतच नाही. कापून १८ बाय १५ केली. खर्च : तारेचे ४० रुपये.

३१ ऑगस्ट

आता काळ्या बॅकग्राउंडचा हिशोब. कारण कळलं की इलाज सोपा आहे, म्हणून आकडे देतो.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) १०० ला एफ/११ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तर भोक लहान) आणि शटर १/२०० सेकंद हे जवळपास बरोबर एक्सपोझर. ८०डी ची फ्लॅश सिंकची मर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२५०. म्हणजे लाइम बटरफ्लायसारखं मोठं फुलपाखरू थोडं लांबून टिपताना १/२५० ठेवलं तर मागचं शेत आपोआप दिसतंच, फ्लॅश फक्त सावल्या भरतो. पण १:१ वर लेन्स स्वतःच दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) उजेड खाते. स्क्रीनवर एफ/११ दिसतो, पोचणारा उजेड एफ/२२ चा. फुलपाखराला फ्लॅश जवळून मिळतो म्हणून ते उजळतं, मागचं गवत दोन स्टॉपहून जास्त अंधारात जातं. मोठी फुलपाखरं दिवसाची आणि निळी रात्रीची का येत होती, ते हे.

म्हणून १:१ ला उन्हात आयएसओ २००, १/२५०. मागचं साधारण सव्वा-दीड स्टॉप खाली राहतं, फुलपाखरू उठून दिसतं आणि हिरवं हिरवंच राहतं. ४०० ला मागचं जवळपास पूर्ण उजळतं, पण मग उन्हाचा उजेड इतका शिरतो की वाऱ्यावर हललेल्या फुलाच्या कडेला दुसरी पुसट कड येते. ढगाळ हवेत १/१२५ आणि आयएसओ ८००.

आयएसओ वाढवला की फ्लॅश तेवढाच खाली आणायचा. २०० ला पूर्ण ताकदीच्या १/१६ असेल तर ८०० ला १/६४. फायदा दुहेरी : फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि सेल संध्याकाळपर्यंत पुरतात.

टीटीएल बंद करून टाकलं. काळ्या-तपकिरी कॉमन क्रोवर ते फ्लॅश जास्त मारायचं, पायोनियरच्या पांढऱ्या पंखांवर कमी. मॅक्रोत अंतर जवळपास ठरलेलं असतं, शिवाय १:१ कडे जाताना लेन्स उजेड खाते आणि डिफ्यूझर तेवढाच जवळ येतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये एकदा बसलेला आकडा फारसा हलवावा लागत नाही.

७ सप्टेंबर

मूग काढला. निळी गेली तुरीकडे आणि एकदांडीच्या फुलांवर.

फोकस. एफ/११ ला १:१ वर धारदार भागाची खोली एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. १:३ वर तीच पाच मिलिमीटर होते. एफ/१६ करून पाहिलं. खोली वाढते पण सगळाच फोटो मऊ पडतो, पंखावरचे खवले विरघळतात. एफ/११ वरच थांबलो.

ऑटोफोकस पुढं-मागं करत बसतो तेवढ्यात पाखरू जातं. लेन्सवर प्रमाण आधीच ठरवून ठेवतो, मॅन्युअलला टाकतो, आणि डोळा धारदार होईपर्यंत स्वतःच अंगाने पुढं सरकतो. गुडघ्यावर बसून, कोपर छातीला, श्वास अर्धा सोडून. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाला समांतर आणायचा, म्हणजे त्या एका मिलिमीटरात पूर्ण पंख आणि डोळा दोन्ही बसतात. फुलपाखरू तिरकं असेल तर फोटो काढू नका, बाजू बदला.

आपली सावली त्याच्यावर पडली की संपलं. सूर्य कुठं आहे ते आधी बघायचं, मग चालायचं.

सकाळी सात-साडेसातला ती गार असतात, पंख तापेपर्यंत उडत नाहीत. ही वेळ सोन्याची. काहीजण पकडून फ्रिजमध्ये गार करून मग फुलावर बसवतात. तसले फोटो बघितले की कळतं, पाय फुलाला धरलेले नसतात.

१७ सप्टेंबर

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, नंतर मुकुंदराजांच्या समाधीच्या वाटेवर. दरीच्या उतारावर खुळखुळ्याची वाळलेली झाडं आणि त्यांच्यावर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो यांची झुंबड. यातले बहुतेक नर. खुळखुळ्यात जी अल्कलॉइडं असतात ती त्यांना मादीला खेचणारा गंध तयार करायला लागतात. झाड खरवडून सोंडेने रस ओढण्यात ती इतकी गुंग असतात की डिफ्यूझर अगदी जवळ नेला तरी हलत नाहीत. नवीन माणसाने सराव इथं करावा, बांधावरच्या पॅन्सी फुलपाखरावर नको. पॅन्सी माणसाची परीक्षा बघते.

इथं फ्लॅश बंद करूनही काढले. सावलीतल्या मऊ उजेडात ब्लू टायगर फ्लॅशशिवायच जास्त चांगला आला. एवढं मोठं आणि स्थिर फुलपाखरू असेल तर पट्टी-बिट्टी सगळं पाठीवर टाकावं.

२१ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर

पाऊस. नदीकाठची शेतं पाण्यात, मामांकडं सोयाबीनच्या शेंगा झाडावरच कोंब धरतील म्हणून काळजी. कॅमेरा स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे. या दिवसांत कातडी बॅगेत लेन्स ठेवू नका, बुरशी तिथंच धरते.

८ ऑक्टोबर

विहिरीजवळच्या भाजीच्या वाफ्यात घोळ माजलीय आणि तिथं डॅनेड एगफ्लायचा नर ठाण मांडून आहे. घोळ हे त्याच्या अळीचं खाद्य. नर आपली जागा राखतो, दुसऱ्याला हुसकावून परत त्याच दगडावर येतो, म्हणून पाठलाग करायचाच नाही. दगडावर फोकस लावून बसायचं.

काळ्या पंखावर पांढरे मोठे ठिपके आणि ठिपक्यांभोवती जांभळी-निळी झाक. माझ्या फोटोत झाक नाहीच. ही झाक रंगद्रव्याची नसते, खवल्यांच्या रचनेतून येते, त्यामुळे ठरावीक कोनातूनच दिसते. वरून येणारा फ्लॅश त्या कोनात बसत नाही. फ्लॅश पट्टीवरून काढून केबलच्या लांबीत डाव्या हातात धरला, बाजूने वळवत गेलो. एका पंखावर झाक पेटली, दुसऱ्यावर विझलेली. खरं फुलपाखरूही असंच दिसतं, म्हणून हाच फोटो ठेवला. एका हातात कॅमेरा धरून मनगट दोन दिवस दुखलं. पोरीला फ्लॅश धरायला घ्यायला हवं होतं, पण तिची सहामाही.

मादी वेगळीच असते, हुबेहूब प्लेन टायगरसारखी नारिंगी. प्लेन टायगर रुईवर वाढतो, अंगात विष असतं, पक्षी त्याला टाळतात. ही त्याचा वेष घेऊन वाचते. फोटोत ओळखायची तर मागच्या पंखाच्या मधोमध बघायचं. प्लेन टायगरला तिथं काळे ठिपके असतात, चार असतील तर नर समजा, तीन असतील तर मादी. एगफ्लायच्या मादीला मधले ठिपके नसतात, वरच्या कडेला एक तेवढा. म्हणून नारिंगी दिसलं की मागचा पंख पूर्ण येईपर्यंत बटण दाबायचं नाही.

२ नोव्हेंबर

तूर फुलावर आली. पी ब्लूही आली.

मागच्या पंखाला दोऱ्याएवढी शेपटी आणि बुडाशी काळे डोळे. बसली की मागचे पंख खालीवर घासते, शेपट्या मिशांसारख्या हलतात, शत्रू खोट्या डोक्याकडं झडप घालतो. फोटोसाठी ही हालचाल वैताग आहे. १/१२५ ला शेपटीची दुसरी पुसट शेपटी येते. १/२५० आणि आयएसओ २०० वर गेलो, फ्लॅश १/१६. इतक्या खालच्या ताकदीला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाचे काही हजार भाग केले तर त्यातल्या एका भागात संपतो, हालचाल तिथंच गोठते. मागं तुरीची पिवळी फुलं, बॅकग्राउंड दिवसाचं. ऑगस्टपासून हाच फोटो हवा होता.

मामांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला.

"भाचे, निळं निळं म्हणून नाचताव ते हेच व्हय? हेच तर शेंगा पोखरतंय."

खोटं नाही. पी ब्लू तुरीच्या कळ्यांवर अंडी घालते, अळी कळीत आणि शेंगेत शिरते. घाटेअळीएवढा बोभाटा होत नाही, पण काम तेच.

"परवा फवारा हाय. काय काढायचे ते फोटू उद्याच्याला काढून घ्या. मग चार दिवस तिकडं जाऊ नका."

९ नोव्हेंबर

फवारणीनंतर तुरीत काही नाही. बांधावर बोरीपाशी कॉमन पिएरो. पांढऱ्यावर काळे ठिपके, त्यामुळे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला, म्हणजे पांढरं जास्तच उजळलेलं. फ्लॅश १/३२ वर आणला तेव्हा पंखाचा पोत दिसला. वाघाटीवर पायोनियरलाही तोच आकडा चालला. पांढऱ्या-पिवळ्यांना एक स्टॉप कमी, एवढं पट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय.

१६ नोव्हेंबर

मामांना आता अंड्याचा फोटो हवाय. कळीवर अंडं कसं दिसतं ते कळलं तर फवारा कधी मारायचा ते आधी ठरवता येईल, असं त्यांचं म्हणणं. हिरव्या कळीवर फिकट चपटी टिकली, एवढीशी. १:१ वरही ती फ्रेममध्ये कणभरच येते.

एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्यांचा) संच मागवला, १,६०० रुपये. २५ मिमीची ट्यूब लावली की १:१ च्या पुढं जाता येतं, पण लेन्ससमोरची जागा आणखी घटते. आज लावून पाहिली तर डिफ्यूझरची खालची कड कळीलाच टेकते. कमान दोन सेंटिमीटर मागं घेऊन फोम पुन्हा कापायचा आहे, आणि उजेड पुन्हा कमी होणार म्हणून फ्लॅश १/८ पासून सुरू करून बघतो. तुरीचा दुसरा बहर यायच्या आत.